पालकांशी बोलायला पदवी कशाला?

प्रश्न: मुलगी बारावी झाली. नीटमध्ये एमबीबीएसइतके गुण नाहीत. ती ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार) करायचं म्हणते, तेही लहान मुलांसाठी. आम्ही एक सेंटर पाहिलं, तिथे थेरपिस्ट मुलापेक्षा आईशीच जास्त बोलत होत्या. एवढ्यासाठी पदवी कशाला? आम्ही तिला रिपीट करायला लावतोय.
– एक आई, बोरिवली

उत्तर: ताई, मला गुणांची काळजी वाटत नाही, 'करायला लावतोय' याची वाटते. अख्ख्या पत्रात मुलीचं म्हणणं एका वाक्यात उरकलंय. मनाविरुद्ध रिपीट केलेलं वर्ष मुलं कशीबशी ढकलतात. हा हट्ट सोडा.

तुम्ही पाहिलंत तो उपचारच होता. मूल थेरपिस्टकडे आठवड्यातून एखाद-दोन तास असतं. कपडे, जेवण, दप्तर सगळं घरी. समजा, सहा वर्षांच्या मुलाला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. 'रोज सराव घ्या' हा सल्ला दोन दिवसांत बारगळतो, कारण स्कूलबस यायची वेळ झालेली असते आणि आईच पटापट बटणं लावून टाकते. थेरपिस्ट आधी विचारते: काल नेमकं कुठे अडलं? तुम्ही काय करून पाहिलंत? मग कामाचे टप्पे पाडते: बटण धरणं, काज उघडं धरणं, बटण अर्धं सरकवणं, पलीकडून ओढणं. पहिले तीन आईने करायचे, मुलाने फक्त ओढायचं. ते जमलं की सरकवणंही त्याच्याकडे. बटण मोठं घ्यायचं आणि पोटाजवळचं. गळ्याजवळचं त्याला दिसतच नाही. सराव संध्याकाळी, कपडे बदलताना. आठवडाभर एवढंच. दहा व्यायामांचा कागद दिला तर तो फ्रिजवर चिकटून राहतो. आणि मूल बोटांच्या ताकदीमुळे अडलंय, दोन हातांचा मेळ नाही म्हणून, की लक्ष टिकत नाही म्हणून, हे ओळखायला शरीररचना आणि मज्जासंस्था शिकावी लागते.

प्रवेश नीट आणि राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्यांतून. मुंबईत केईएम, नायर, सायन या तिन्ही रुग्णालयांकडे हा अभ्यासक्रम आहे. केईएममध्ये तो या क्षेत्राच्या भारतातल्या प्रणेत्या कमला निंबकरांनी १९५० साली सुरू केला.

मुलीलाही एक सांगते. नुसती मुलांची आवड इथे पुरत नाही. दमलेल्या आईवडिलांना दोष न देता त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. परवानगी काढून दोन-तीन दिवस एखाद्या ओपीडीत बसून ये. ताई, पसंतीक्रम तिला भरू द्या, आणि पुढचं पत्रही तिलाच लिहू द्या.