'परावर्तन' की 'प्रतिदीप्ती'?

हिंगोलीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. औंढ्याजवळ 'लायगो' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय म्हटल्यावर त्यांच्या शाळेत लेसरची गोडी लागली आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी एका मुलीनं तक्त्यावर लिहिलं, 'लेसरचा किरण प्लाझ्मातल्या आयनांवरून परावर्तित होतो व आयनांचा वेग कळतो.' (प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू आणि त्यातले आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू.) इथं 'परावर्तित' चालेल का?

नाही ताई, चालणार नाही. 'विकिरित', म्हणजे विखुरलेला, असं केलंत तरी काम भागणार नाही. या पद्धतीचं नाव लेसर-प्रेरित प्रतिदीप्ती, आणि 'प्रतिदीप्ती' या शब्दाला इथं पर्याय नाही.

आडात हाक मारली की आपलाच आवाज परत येतो, ते परावर्तन. आयन मात्र लेसरचा प्रकाश आधी शोषून घेतो, वरच्या ऊर्जापातळीवर जातो, आणि खाली उतरताना स्वतःचा प्रकाश सोडतो. आरगॉनच्या प्लाझ्मात हे फार सुंदर दिसतं. सुमारे ६६८.४ नॅनोमीटरचा लाल लेसर सोडायचा आणि ४४२.६ नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश टिपायचा. तांबडं आत गेलं, निळं बाहेर आलं. याला परावर्तन कसं म्हणणार? बाहेर येणारी ऊर्जा जास्त कशी, असं मुलं विचारतील, विचारायलाच हवं. हे आयन प्लाझ्मात मुळातच एका वरच्या पातळीवर अडकलेले असतात. लेसर त्यांना आणखी वर चढवतो आणि ते उतरतात मात्र जिथून चढले त्याच्याही खाली.

रंग बदलल्याचा व्यवहारातला फायदा मोठा. प्लाझ्मा ठेवलेल्या नळीच्या भिंतीवरून उसळलेला लाल प्रकाश गाळणीनं अडवता येतो आणि आयनांचा प्रकाश तेवढा वेगळा मिळतो.

वेग कळतो तो डॉप्लर परिणामामुळे. लेसरच्या दिशेनं येणाऱ्या आयनाला तरंगलांबी किंचित आखूड भासते, म्हणून त्याला जागं करायला लेसर जरा जास्त लांबीवर न्यावा लागतो. सेकंदाला एक किलोमीटर वेगासाठी हा फरक जेमतेम ०.००२ नॅनोमीटर. लेसर सावकाश सरकवत कुठल्या तरंगलांबीला किती उजेड पडतो ते नोंदवलं की एक टेकडीसारखा आलेख मिळतो. टेकडी जागची किती हलली यावरून आयनांचा प्रवाह कळतो आणि तिच्या रुंदीवरून तापमान. स्टर्न आणि जॉन्सन यांनी १९७५ मध्ये प्लाझ्मातल्या आयनांसाठी ही पद्धत मांडली.

'विकिरण' हा शब्द प्लाझ्माच्या अभ्यासात लागतो, पण इलेक्ट्रॉनांसाठी. लेसरचा प्रकाश त्यांच्यावरून विखुरतो आणि त्यांचं तापमान मोजता येतं. ते थॉमसन विकिरण. रामन परिणामही विकिरणच.

तेव्हा तक्त्यावर असं लिहून घ्या: 'आयन लेसरचा प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश देतात, या प्रतिदीप्तीवरून त्यांचा वेग व तापमान कळतं.' 'परावर्तन' शब्द लायगोच्या तक्त्यासाठी राखून ठेवा. तिथल्या चार किलोमीटर लांब भुजांच्या टोकांना आरसेच असणार आहेत.