साभार परत आलेल्या कथेचे काय करावे?

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात हिशेब लिहिते. माझे वय 32 आहे. गेली चार वर्षे मी कथा लिहीत आहे. दिवसा सवड मिळत नाही, म्हणून मुलगी झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून लिहिते. आतापर्यंत मासिकांना आणि दिवाळी अंकांना मी 9 कथा पाठवल्या. त्यांपैकी 4 कथा 'साभार परत' आल्या, 4 कथांची पोचसुद्धा मिळाली नाही आणि एका संपादकांनी 'वातावरण चांगले उतरले आहे, पण शेवट आधीच कळतो' एवढी एक ओळ लिहून कथा नाकारली. घरी यजमान काही म्हणत नाहीत, परंतु सासूबाई 'एवढं जागून काय मिळालं?' असे विचारतात, तेव्हा मला उत्तर सुचत नाही. गेल्या महिन्यात एका प्रातिनिधिक कथासंग्रहात कथा घेतो, त्यासाठी 2,500 रुपये भरा, असा निरोप आला आणि पैसे भरून टाकावेत असे मनात येऊन गेले. आपल्यात कथा लिहिण्याची कुवतच नाही, हे मान्य करून मी थांबावे का? एका ओळीचे उत्तर आलेली कथा आणि पाठवलेल्या कथांची यादी सोबत पाठवत आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे पत्र आणि कथा, दोन्ही मी दोनदा वाचली. कथेविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे, पण आधी तुमच्या मनाला जे लागले आहे त्याविषयी लिहिते. कारण ते दुखणे मला नवे नाही.

मी साताऱ्यात राहून लिहायला लागले तेव्हा कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि तिकीट लावलेले पाकीट जोडावे लागे. कथा नाकारली गेली की ती त्याच पाकिटातून परत येई. त्यामुळे पाकीट फोडण्याची गरजच पडत नसे. दारात पडलेल्या टपालात आपलेच अक्षर दिसले की काय झाले ते घरातल्या सगळ्यांना कळत असे. माझी पहिली कथा अशी परत आली, तेव्हा मी ते पाकीट महिनाभर गादीखाली ठेवले होते आणि पोस्टमन दिसला की पोवई नाक्यावरून वाट बदलून जात असे. आज तुमचा नकार मोबाइलवर येतो, तो कोणाच्या नजरेस पडत नाही, पण आपणच आपल्याला परत आल्यासारखे वाटणे तेच आहे. तेव्हा 'एवढे काय वाईट वाटून घ्यायचे' असे मी तुम्हाला म्हणणार नाही. वाईट वाटू द्या. फक्त नकार आल्यानंतरच्या आठ दिवसांत संपादकांना उलट पत्र लिहू नका आणि कथा फाडू नका.

आता तुमचा हिशेब पुन्हा मांडू. हिशेब लिहिणे हे तुमचे रोजचे काम आहे, म्हणून हे तुम्हाला लगेच पटेल. तुम्ही 9 नकार एकाच रकान्यात लिहिले आहेत, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच झाली आहे. ज्या 4 कथांची पोच नाही, त्यांच्याविषयी कोणीही काहीही म्हटलेले नाही. कथा कदाचित वाचलीच गेली नसेल, फाइल उघडली नसेल, किंवा अंक भरून झाल्यावर ती पोचली असेल. तीन महिन्यांनी एकदा, दोन ओळींत, नम्रपणे विचारणा करावी आणि त्यालाही उत्तर आले नाही तर कथा मागे घेत असल्याचे कळवून ती दुसरीकडे पाठवावी. नुसते 'साभार परत' एवढ्याचा अर्थ 'या अंकात नाही' इतकाच घ्यावा. त्यातून कुवतीचा निवाडा काढता येत नाही. राहिली ती एक ओळ. तिचा रकाना अगदी वेगळा आहे, कारण ती लिहिणाऱ्याने तुमची कथा शेवटपर्यंत वाचली आहे.

दिवाळी अंकांचे वेळापत्रकही तुम्ही ध्यानात घेतलेले दिसत नाही. 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचे मोठे पीक याच हंगामात येते. पण पेरणी उन्हाळ्यात होते. बहुतेक अंकांची जुळणी जुलै-ऑगस्टपर्यंत उरकत आलेली असते, बरीचशी पाने आमंत्रित लेखकांसाठी आधीच राखलेली असतात आणि अनाहूत कथेला उरते ती थोडीशी जागा. तुमच्या यादीत गणपतीनंतर पाठवलेल्या दोन कथा आहेत. त्यांच्या नशिबी नकार येणार हे पाठवण्याआधीच ठरले होते. शिवाय आपण ज्या अंकाला कथा पाठवतो त्याचे मागचे दोन अंक तरी वाचलेले असावेत. त्यासाठी ते विकत घ्यायलाच हवेत असे नाही. 2019 च्या महापुरात तुमच्या सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून गेली. तरीही गावोगावची वाचनालये दिवाळीनंतर थोड्या वर्गणीत अंक वाचायला देतात, त्यांचा उपयोग करून घ्या.

संपादकांच्या मताला किती मान द्यावा, हा प्रश्न तुमच्या पत्रात ओळींच्या आड लपलेला आहे. मराठीत 'सत्यकथा' मासिकाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक लेखकांशी कथेबद्दल बारकाईने पत्रव्यवहार करीत, कथा पुन्हा लिहायला सांगत आणि पुन्हा वाचत. कितीतरी लेखक त्या पत्रांमुळे घडले. आणि त्याच मासिकाची अभिरुची कोंदट झाली आहे अशा रागाने 1969 मध्ये तरुण लेखकांनी त्याच्या अंकाची होळी केली. मला या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या वाटतात. चांगल्या संपादकाचे कान तयार असतात, म्हणून त्याचे म्हणणे ऐकावे. आणि त्याचीही एक आवड असते, म्हणून त्याच्या नकाराने आपली वही मिटू नये. ते मासिक 1982 मध्ये बंद पडले. आज कितीतरी अंक एखाददुसरा माणूस नोकरी सांभाळून काढतो, त्याला प्रत्येक लेखकाला सविस्तर लिहिणे जमत नाही. अशा काळात एका संपादकाने तुमच्यासाठी एक ओळ लिहिली, हे नकाराचे दुःख करताना तुम्ही विसरलात.

आता त्या ओळीकडे आणि तुमच्या कथेकडे वळते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर कथा लिहावी असे तुम्हाला वाटले, यातच तुमच्याकडे लेखकाची नजर आहे हे मला दिसते. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद साठवणारी आणि आत उतरून काम करणारी माणसे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली आहेत? 2005 च्या महापुरात ती पेवे पाण्याखाली गेली आणि त्यांच्याबरोबर एक आख्खे कसब मागे पडले. हा विषय तुमच्या घरातला आहे, तो तुम्हीच लिहू शकता.

परंतु संपादकांचे म्हणणे बरोबर आहे. तुमच्या कथेचे पहिलेच वाक्य असे आहे, की पुरानंतर बाबा पुन्हा कधी पेवात उतरले नाहीत. शेवटच्या पानावर बाबा पेवाच्या तोंडाशी उभे राहतात आणि उतरत नाहीत. वाचकाला हे पहिल्या ओळीतच कळलेले असल्यामुळे मधली सात पाने तो केवळ वाट पाहत राहतो. त्यातही पहिले दीड पान कृष्णेच्या पुराच्या वर्णनात गेले आहे. ते वर्णन चांगले आहे, पण त्यातले पाणी आम्ही सर्वांनी वर्तमानपत्रांतून पाहिलेले आहे.

कथा खरी सुरू होते ती चौथ्या पानावर. पेवाचे तोंड उघडून ठेवले आहे, आतली हवा घेण्याजोगी आहे का हे पाहण्यासाठी बाबा दोरीला कंदील बांधून खाली सोडतात, अर्ध्यावर ज्योत बारीक होते आणि विझते. बाबा काहीच बोलत नाहीत. अंगठा आणि कोपर यांच्यामध्ये दोरी गुंडाळत ते कंदील वर घेतात आणि लहान मुलीला काच पुसायला देतात. काच अजून गरम असते. हा परिच्छेद वाचताना मी थांबले आणि पुन्हा वर जाऊन वाचला. इथे तुम्ही काहीही समजावून सांगितलेले नाही, भीती हा शब्दसुद्धा वापरलेला नाही, तरी त्या माणसाने आयुष्यभर रोज काय पणाला लावले ते मला कळले. मग पुढच्याच ओळीत तुम्ही लिहिता, 'अशा प्रकारे बाबा रोज मृत्यूशी झुंज देत असत', आणि हातात आलेली गोष्ट सोडून देता. ती ओळ काढून टाका. कथा कंदिलापासून सुरू करा, पुराचे एकच वाक्य ठेवा, तेही जिथे टाळता येणार नाही तिथे. शेवट काय होईल ते आत्ता ठरवू नका. बाबांना पेवाच्या तोंडाशी आणून उभे करा आणि त्या मुलीच्या हातात काय आहे ते पाहा.

नव्याने लिहिलेली कथा पाठवण्यापूर्वी मोठ्याने वाचा. घरात वाचायला संकोच वाटत असेल, तर कथा ऐकणारी दोन माणसे शोधा, जी 'छान आहे' म्हणून थांबणार नाहीत. औदुंबरला संक्रांतीला साहित्य संमेलन भरते, ते तुम्हाला दूर नाही. तिथे व्यासपीठावर कोण आहे यापेक्षा मांडवात शेजारी वही घेऊन कोण बसले आहे ते पाहा. माझी पहिली खरी वाचक मला अशाच एका मांडवात भेटली, आणि आजही माझी प्रत्येक कथा आधी तिच्याकडे जाते.

ते 2,500 रुपये भरू नका. पैसे देऊन कथा छापली जाईल, पण ती नाकारण्याचा अधिकार तिथे कोणी वापरलेलाच नसेल, त्यामुळे ती स्वीकारली गेल्याचे समाधानही तुम्हाला मिळणार नाही. पुढे कथासंग्रहाएवढ्या कथा जमल्या, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे; तिची माहिती त्या वेळी अवश्य घ्या.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नाही, पण एक सुचवते. तुमच्या कथेतला काळ त्यांनी पाहिलेला असणार. पेव उघडल्यावर येणारा वास कसा असे, उतरणाऱ्याच्या घरी बायका त्या वेळी काय करीत, हे त्यांना विचारा. तुमच्या कथेत बाबा आहेत, मुलगी आहे. आई मात्र कुठेच नाही.

थांबावे का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते मी तुमची समजूत घालण्यासाठी देत नाही, तर चौथे पान वाचून देत आहे. कथेची प्रत टपालाने परत पाठवत आहे. पाकिटावर या वेळी अक्षर माझे आहे, आणि कंदिलाच्या परिच्छेदाशी पेन्सिलीने खूण केली आहे.