परदेशात सुगीचे सण कसे करतात, त्या दिवशी काय खातात? मांद्र्याहून एक उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे: शरद ऋतूत वेगवेगळ्या देशांत पिकांचे सण कसे होतात, त्यांत काय शिजतं, लेकीच्या सातवीच्या प्रकल्पासाठी हवं आहे, एक पदार्थ करूनही न्यायचा आहे, आणि जिकडे पाहावं तिकडे थँक्सगिव्हिंगच सापडतं.

मी काही या विषयातली अभ्यासक नाही. गोव्यात पेडणे तालुक्यात मांद्र्याला आमच्या घरामागे चार खोल्या आहेत, त्या पाहुण्यांना देतो. माझी बरीचशी माहिती ओट्यापाशी उभ्या उभ्या जमलेली आहे. तारखा तेवढ्या पडताळून लिहिते.

आधी त्या 'शरद' शब्दाचं बघू. आमच्याकडे पावसाळी भाताला 'सरद' म्हणतात आणि उन्हाळी भाताला 'वायंगण'. म्हणजे ऋतूचं नाव थेट पिकालाच लागलं. पण सरदाची पहिली कणसं शरदाची वाट बघत थांबत नाहीत. सासष्टीत राय गावच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टलाच कणसांचं फेस्त, म्हणजे सण, होतं, ताळगावचं 21 ऑगस्टला. पाद्री कणसांवर आशीर्वाद देतो आणि लोक ती घरी नेतात. आम्ही गणपतीच्या दुसऱ्या दिवशी नव्यांची पंचम करतो. माझे यजमान पहाटे शेतातून मूठभर कणसं आणतात, ती गणपतीपुढे ठेवून मग आंब्याच्या पानांबरोबर चौकटीला बांधतो. चार दाणे सोलून पायसात टाकले की झालं 'नवं'. तिकडे पश्चिम ओडिशात याच पंचमीला नुआखाई, म्हणजे नवं खाण्याचा सण असतो, 2025 मध्ये दोन्ही 28 ऑगस्टला होते. कोकणात मात्र नवान्न कोजागरीला. आणि विषुववृत्ताच्या खाली गेलात तर शरद मार्चमध्येच सुरू होतो. तेव्हा लेकीला सांगा, प्रकल्पाच्या नावात 'सुगी' लिही. तो शब्द कुठल्याही देशात चालतो.

आता कोरिया. यावर मी जास्त लिहिणार, कारण तो सण माझ्या स्वयंपाकघरात झाला.

2024 च्या पावसाळ्यात एक कोरियन मुलगी आमच्याकडे तीन महिने राहिली होती, लॅपटॉपवर काम करणारी. 17 सप्टेंबरला तिचा छुसॉक होता. त्यांच्या चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याची पुनव. आमची त्या दिवशी अनंत चतुर्दशी. आदल्या संध्याकाळी ती समुद्राकडून ओंजळभर हिरव्या काड्या घेऊन आली आणि म्हणाली, पाइन मिळाला! तिला सोंगप्योन करायचे होते. हे तांदळाच्या उकडीचे छोटे अर्धचंद्र, पाइनच्या पानांच्या थरावर वाफवतात. नावातला 'सोंग' म्हणजेच पाइन. यजमानांनी तिच्या हातातली एक काडी घेतली आणि दोन्हीकडून ओढली. ती पेरापेरांत सुटी झाली. पाइनचं पान असं सुटत नाही. ते किनाऱ्यावर लावलेलं सुरूचं झाड होतं, पाइनचं सोंग घेतलेलं. (हा विनोद तिला समजावून सांगायला मला पंधरा मिनिटं लागली.)

मग मी परसातून हळदीची पानं कापून आणली. आम्ही पातोळ्या त्यांतच करतो. पानावर तांदळाचं वाटण थापायचं, त्यावर गूळ-खोबऱ्याचं चून घालायचं, पान दुमडायचं आणि मोदकपात्रात ठेवायचं. तिने पान हुंगलं आणि काही न बोलता पात्राच्या तळाशी अंथरलं. पाइनचं काम तरी काय असतं? पीठ चिकटू द्यायचं नाही आणि वास लावायचा. ते काम हळद करते, फक्त वास निराळा. पीठ तिने उकळत्या पाण्यात मळलं, हात भाजत, अगदी आपल्यासारखं. सारण भाजून कुटलेल्या तिळाचं, साखर आणि मध घालून. तिकडे हिरव्या शेंगांचे दाणे, लाल चवळीसारखी कडधान्यं, चेस्टनट असंही घालतात. मी सवयीने कडेला नेवरीची (करंजीची) मुरड घालू लागले, तर तिने माझा हात धरला. सोंगप्योनला मुरड नसते, नुसती मुठीत दाबायची, वर बोटांचे ठसे उमटतात. ज्या मुलीचे सोंगप्योन देखणे, तिला देखणी लेक होते, असं त्यांच्याकडे म्हणतात. माझे पहिले चार बघून ती बराच वेळ गप्प होती.

मी विचारलं, सण पुनवेचा आणि आकार अर्ध्या चंद्राचा, हे कसं? तिने आजीकडून ऐकलेलं सांगितलं. भरलेला चंद्र उद्यापासून घटणार, अर्ध्याला अजून भरायचं आहे. म्हणून अर्धा.

छुसॉकचा दुसरा भाग पितरांचा. सणाआधी लोक गावी जाऊन पूर्वजांच्या थडग्यांवरचं वाढलेलं गवत कापतात, आणि सणाच्या सकाळी नव्या तांदळाचे पदार्थ, फळं, दारू त्यांच्यापुढे मांडतात. मगच घरचे जेवतात. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे त्यांचा म्हाळ." आमचा पितृपक्ष त्या पुनवेला लागूनच सुरू होतो. नंतर वाचलं की त्या दिवशी तिकडे अळकुड्यांचं सारही करतात. जपानमध्ये याच पुनवेला 'अळकुड्यांचा चंद्र' असंही नाव आहे. भाद्रपदात आमच्या परसात काय तयार असतं विचाराल तर माडी, म्हणजे तेच अळूचे कंद!

जपानी लोक त्या रात्री खिडकीशी गवताचे तुरे ठेवतात आणि पांढऱ्या तांदळाचे पंधरा लाडू रचतात. चीनमध्ये मूनकेक. एकदा एका पाहुण्याने डबा भरून दिला होता. आत कमळबियांची गोड लगदी आणि मधोमध खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक, म्हणजे चंद्र. एकाचे आठ तुकडे करून वाटून खातात. का ते पहिल्या घासाला कळतं, फार जड. मला नाही आवडला. व्हिएतनाममध्ये तीच रात्र मुलांची असते, कंदील घेऊन मिरवतात. जपानबद्दल एक गोष्ट मात्र प्रकल्पात घाला: दरवर्षी 23 नोव्हेंबरला सम्राट नवा तांदूळ देवांना अर्पण करतो आणि मग स्वतः चाखतो. 1948 पासून त्या दिवसाची सुट्टी 'श्रमाबद्दल आभार' म्हणून दिली जाते, पण आतला विधी आमच्या नव्याचाच आहे. आधी देव, मग घास.

दुसरी गोष्ट इस्रायलची. 6 ऑक्टोबर 2025. त्या एकाच सोमवारी आमची कोजागरी, कोरियाचा छुसॉक, चीनचा चंद्रोत्सव, आणि सूर्य मावळल्यावर ज्यूंचा सुक्कोत सुरू होत होता. एक इस्रायली जोडपं खोलीत होतं. त्यांनी विचारलं, अंगणात झोपडी बांधू का? सात दिवस जेवण त्यातच. मिसर सोडून वाळवंटात फिरणाऱ्या पूर्वजांच्या राहुट्यांची ती आठवण, आणि जमिनीतलं पीक घरात आल्याचा सणही तोच.

नारळ पाडणारा पाडेली नुकताच येऊन गेला होता, माडाची चुडतं अंगणातच पडली होती. सासूबाई लगेच चुडतांचं मल्ल (विणलेला झाप) विणायला बसल्या. जोडप्यातला नवरा म्हणाला, आजी, विणू नका, नुसती टाका. छत जमिनीत उगवलेल्या आणि कापलेल्या गोष्टीचंच हवं, उन्हापेक्षा सावली जास्त पडावी, पण रात्री तारे दिसायला हवेत. मग त्यांनी छताला फळं टांगायला घेतली. तेव्हा मात्र आम्ही सगळे मदतीला धावलो, कारण हे काम आम्हाला येतं. महिन्याभरापूर्वीच गणपतीवर माटोळी, म्हणजे फळं टांगायची चौकट, बांधली होती: सुपारीचं शिपटं, केळी, तोरंजन, रानातली कांगलां, कवंडळं, माट्टीची फळं. माटोळीचं फळ विसर्जनापर्यंत कोणी तोडत नाही. त्यांच्या छतावरचंही सण संपेपर्यंत खायचं नसतं.

त्याने बरोबर एक डबी आणली होती. आत मऊ वेष्टनात, दागिन्यासारखं ठेवलेलं एक पिवळं, खडबडीत फळ. एत्रोग. टोकाशी बारीक देठासारखा कोंब, तो मोडला तर फळ विधीला चालत नाही, म्हणून कोणाच्या हातात देईना. सासूबाईंनी लांबूनच ओळखलं: "महाळुंग!" कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच. त्याच्याबरोबर खजुराचा न उमललेला झाप, मेंदीसारख्या बारीक पानांची मर्टल आणि विलोची फांदी असं चौघांना एकत्र धरून हलवतात.

खाण्याची मात्र अडचण. मी हौसेने भरली वांगी करणार होते, कारण त्या सणात भरलेल्या भाज्या, भरलेल्या कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या असं सगळं 'भरलेलं' करतात, सुगीचं भरलेपण दाखवायला. पण त्यांना आमच्या भांड्यातलं चालेना. मला जरा वाईट वाटलं. सासूबाईंना काहीच वाटलं नाही. "सोवळ्यातली माणसां ती," म्हणाल्या आणि न सोललेला नारळ व केळ्यांचा फणा नेऊन दिला. आम्ही अंगणाच्या एका टोकाला मसाला दूध प्यालो, ते दुसऱ्या टोकाला त्यांच्या झोपडीत. तिसऱ्या रात्री परतीचा पाऊस कोसळला आणि दोघं ताटं उचलून पळत आत आली. मी म्हटलं, नियम मोडला? तो हसला. त्यांच्या जुन्या धर्मग्रंथातच लिहिलंय म्हणे, पेज नासेल इतका पाऊस आला तर झोपडी सोडायला हरकत नाही.

युरोपचं थोडक्यात. जर्मनीत बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये धान्याच्या लोंब्यांचा मुकुट बांधतात, वेदीपुढे पाव, भोपळे, सफरचंदं मांडतात. राय-ताळगावच्या फेस्ताचा चुलत भाऊच. त्या दिवसाचा ठरलेला असा एक पदार्थ नाही, पण याच सुमारास अर्धवट आंबलेली नवी वाइन आणि कांद्याचा केक खातात. त्या बाटलीचं बूच घट्ट लावत नाहीत, कारण आत अजून आंबणं चालूच असतं. ज्याने आमच्याकडे माडाची सूर, म्हणजे ताडीसारखं पेय, बाटलीत भरून बघितली आहे त्याला हे सांगावं लागणार नाही. पोर्तुगालमध्ये 11 नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या दिवशी भाजलेले चेस्टनट आणि त्या वर्षीची नवी वाइन. पोर्तुगीज गोव्यात 1510 पासून 1961 पर्यंत होते, पाव देऊन गेले, मिरची देऊन गेले, पण हा सण काही इथे रुजला नाही. चेस्टनट नाही, द्राक्ष नाही, तर काय भाजणार आणि काय पिणार? उलट त्यांच्या चर्चने इथल्या भाताची कणसं हातात घेतली.

आफ्रिकेत आपल्यासारखा शरद नाही, पण घानाच्या अक्रा भागातल्या गा लोकांचा होमोवो हा सण सोडू नका. नावाचा अर्थच भुकेला हिणवणं. आधी काही आठवडे गावात ढोल-ताशांना बंदी, पिकाला शांतपणे वाढू द्यायचं म्हणून. मग मक्याच्या पिठाचं वाफवलेलं क्पोक्पोई आणि पामच्या फळांचं सार, आणि प्रमुख मंडळी ते अन्न रस्त्यावर शिंपडत जातात. नायजेरियातले इग्बो लोक नवा याम (एक कंद) देवाला दिल्याशिवाय तोंडात घालत नाहीत.

थँक्सगिव्हिंग तुम्हाला सापडलंच आहे, तरी दोन गोष्टी. कॅनडाचं ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतं आणि अमेरिकेचं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. उत्तरेकडे पीक आधी घरात येतं आणि थंडीही. आणि अमेरिकेतलं पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणून 1621 च्या ज्या जेवणाची गोष्ट सांगतात, त्याचं जे वर्णन त्या वेळच्या पत्रात आहे त्यात पक्ष्यांचं मांस आहे आणि तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी आणलेली पाच हरणं आहेत. भोपळ्याचा 'पाय' (pie) हा गोड पदार्थ नाही. याच वाम्पानोआगांचे वंशज 1970 पासून तो दिवस शोकदिन पाळतात, हेही मुलीला लिहू द्या. आमच्याकडे एका अमेरिकन जोडप्यासाठी केला होता मी तो बेत. टर्की मिळाली नाही, कोंबडी भाजली, क्रॅनबेरीऐवजी सोलांची (कोकमाची) आंबटगोड चटणी केली. त्यांनी चटणीच बाटलीत भरून नेली.

पदार्थाचं म्हणाल तर सोंगप्योनच करा, घरात सगळं मिळतं. दोन वाट्या तांदळाचं बारीक पीठ, चिमूट मीठ, लागेल तसं उकळतं पाणी घालून गरम असतानाच खूप मळा. अर्धी वाटी भाजलेले तीळ जाडसर कुटून तीन चमचे साखर आणि थोडा मध. लिंबाएवढी पारी, मधे चमचाभर सारण, दुमडून मुठीत दाबा. हळदीची पानं मिळाली तर तळाला ती, नाहीतर केळीचं पान. वीस मिनिटं वाफवा, बाहेर काढल्या काढल्या थंड पाण्यात बुडवून घ्या आणि तिळाच्या तेलाचं बोट फिरवा, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. करायचे ते शाळेच्या दिवशी सकाळीच. आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवले तर दगड होतात. आम्ही तसेच ठेवले होते आणि शेवटी ते शेजारच्या डुकरांनी खाल्ले.