देवाला शिव्या देतेय, आता पुढं काय?

प्रश्न : काकू नमस्कार. आमचा मंडप डेकोरेशनचा धंदा. मागच्या सीझनला बुकिंग कमी, त्यात गोडाऊनमध्ये पाणी शिरलं आणि पडदे, गाद्या, कार्पेट सगळं कुजलं. बँकेचे हप्ते थकले म्हणून ह्यांनी गावातल्या एकाकडनं व्याजानं पैसे उचलले, आता तो रोज दारात येऊन बसतो. सासरे दिवाळीच्या आधी गेले. मी रोज दिवा लावणारी बाई, पण आता देवघराकडं बघावंसं वाटत नाही, उलट तोंडाला येईल ते देवाला बोलते. जाऊबाई म्हणतात तुझी श्रद्धा कमी पडली म्हणून हे झालं. चुलतसासरे म्हणाले, तुकाराम महाराजांचं पण दिवाळं निघालं होतं, ते तर ‘बरें जालें देवा’ म्हणाले! इतका राग आला ना. हे रात्री झोपत नाहीत, परवा म्हणाले, मी नसतो तर तुमचं तरी बरं झालं असतं. जो तो म्हणतो विश्वास ठेव, पण तो आणायचा कुठनं?
– लातूर जिल्ह्यातून एक वाचक

उत्तर : अगं, बाकी सगळं नंतर, आधी नवऱ्याचं ते बोलणं. टेन्शनमध्ये बोलले असतील म्हणून सोडून देऊ नकोस. आजच जवळ बसून सरळ विचार, मरायचे विचार येतात का म्हणून. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेव, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. ते लावत नसतील तर तू लाव. फवारणीचं औषध घरात असेल तर आजच दुसरीकडं हलव, त्यांना एकटं ठेवू नकोस आणि डॉक्टरला दाखव.

दुसरं, तो दारात बसणारा. त्याच्याकडं सावकारीचं लायसन्स आहे का बघ. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, लायसन्स नसताना व्याजानं पैसे देणं गुन्हा आहे आणि वसुलीसाठी छळणं पण. तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था यांचं ऑफिस असतं, तिथं लेखी तक्रार दे आणि पोच घे. बँकेतही दोघं मिळून जा, हप्ते नव्यानं बांधून मिळतात का विचारा. तोंड लपवलं की बँक जास्त बिथरते.

आता तुकोबा. तुझ्या चुलतसासऱ्यांचा अभंग बरोबर आहे, वेळ चुकली. ते बोल दुष्काळ सरल्यावर मागं वळून म्हटलेले आहेत, स्वतःच्या दिवाळ्याबद्दल, दुसऱ्याच्या दारात जाऊन नाही. ऐन दुष्काळात काय झालं ते त्यांनी दुसऱ्या एका अभंगात सांगितलंय, ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’ हा तो. १६३० च्या आसपासचा तो दुष्काळ, पावसानं दगा दिला, दख्खन आणि गुजरात दोन्ही ओस पडले. आईबाप गेलेले, पैसा आटला, मान गेला, आणि पहिली बायको ‘अन्न अन्न करितां मेली’. लाज वाटली, धंद्यात तूट आली, हे सगळं ते उघड बोलतात. कुठंही असं म्हणत नाहीत की माझी श्रद्धा कमी पडली म्हणून बायको गेली. जाऊबाईंना हे वाचून दाखव हवं तर, नाहीतर राहू दे, घरात आधीच काय कमी आहे.

मला त्या अभंगातलं खरं आवडतं ते पुढचं. देवाचं देऊळ मोडलेलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन करायला लागले, आणि सरळ कबूल करतात की आधी चित्त काही त्यात मुरलेलं नव्हतं. मग दुसऱ्या संतांची वचनं पाठ केली, ती मात्र विश्वासानं, आदरानं. बघ ना, मोडकी भिंत आधी, मन नसताना उभं राहणं त्याच्यानंतर, आणि विश्वास कुठं तर तिसऱ्या पायरीवर, तोही दुसऱ्याच्या शब्दांवर. आपण उलटं करत बसतो, आधी आतून विश्वास येऊ दे मग उठते म्हणतो आणि तो काही येत नाही.

म्हणून दिव्याचं सध्या सोड. गोडाऊन उघडा दोघं मिळून. कापड कुजलं असेल, पण लोखंडी पाइप, खुर्च्या, पातेली कुजत नाहीत. गंज घासा, मोजा, वहीत लिहा, बारशाला चाळीस खुर्च्या लागतात तेवढी ऑर्डर सुद्धा घ्या. नवऱ्याच्या हाताला काम मिळेल ते वेगळंच. आणि गावात संध्याकाळी हरिपाठ होत असेल तर मागं जाऊन बस, म्हणायचं नसेल तर नको म्हणू.

शिव्यांचं म्हणशील तर तुझ्या आधी आवली आहे की, तुकोबांची दुसरी बायको! ते देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर, आणि ही घर, पोरं सांभाळून भाकरी घेऊन डोंगर चढायची आणि चढता चढता विठोबाला लाखोली वाहायची. तिच्या पायात काटा मोडला तेव्हा तो विठोबानंच येऊन काढला अशी गोष्ट सांगतात. देहूकडच्या म्हाताऱ्या अजून हे कौतुकानं सांगतात, आणि मला विचारशील तर त्या घरात सगळ्यात कष्टाची भक्ती तिचीच.

एक मात्र, तुकोबांनी कागद इंद्रायणीत बुडवले म्हणून तुम्ही काही बुडवू नका हं. ते लोकांकडून येणं होतं त्याचे कर्जरोखे होते, भावाचा अर्धा वाटा भावाला देऊन आपल्या वाट्याचे सोडले, असं संतांची चरित्रं लिहिणारे महिपती सांगतात. तुमचं देणं आहे, प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा, तक्रारीला लागेल.

प्रश्न : काकू, वडील गेल्यापासून माझा देवावर विश्वास राहिला नाही. पण ते वारी करायचे म्हणून यंदा जावंसं वाटतंय. हे ढोंग होईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : जा की. दिंडीत कोणी विचारत नाही तुझा विश्वास किती टक्के म्हणून. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला असं मानतात, तेव्हापासून बापाच्या आठवणीनं चालणारा तू काही पहिला नाहीस. वडिलांच्या दिंडीचा नंबर शोध, त्यांच्या ओळखीचे लोक भेटतील आणि चालता चालता तुला माहीत नसलेलं बरंच काही सांगतील. देहूहून पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. नवीन बूट घालून जाऊ नको, जुनी चप्पल बरी.