पेटीला मींड येत नाही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा कार्यक्रम संपल्यावर चपला शोधता शोधता तू विचारलंस, "सर, मी जन्मभर साथच करायची का?" पत्रिकेत तुझं नाव नव्हतं, ते मीही पाहिलं होतं. तेव्हा हसून वेळ मारून नेली, पण रात्री काही झोप लागेना.

आधी वाद्याचं, आपल्या हार्मोनियमचं बोलू. पेटीला मींड येत नाही. गळा षड्जावरून गंधारावर ओघळत जातो, तीच मींड. आपण एक पट्टी सोडतो, दुसरी दाबतो. या आणि अशाच कारणांवरून रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती थेट १९७१ पर्यंत! आक्षेप खोटा नव्हता. तरीही अप्पा जळगावकर भीमसेनजींच्या साथीला बसत, ते ध्वनिमुद्रण काढून ऐक. मींड येते असा आव कुठे आणलाय का, सांग मला. येत नाही ते येत नाही म्हणावं, मग हात मोकळा होतो.

तुला हे पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं.

अठ्ठाविसाव्या वर्षी एका गणेशोत्सवात एका बुवांच्या साथीला होतो. मारुबिहाग रंगला होता. बुवा पाणी प्यायला थांबले आणि मी दोन आवर्तनांची तान घेतली. टाळ्या पडल्या. बुवांनी पेला ओठांपाशी तसाच धरून ठेवला होता, माझं संपेपर्यंत. मग न पिताच खाली ठेवला. निघताना म्हणाले, "छान वाजवता." पुन्हा बोलावलं नाही. पुढची दहा वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरलो, की बुवा जळले.

(तान चांगलीच होती. आजही म्हणेन.)

खरं कारण वेगळं होतं. मला गवई व्हायचं होतं. गळा फुटला तो सावरलाच नाही. म्हणून गाण्यात जागा दिसली की मी बोटांनी गाऊन दाखवायचो, "बघा, मीही आहे!" मला गाता येत नाही हे वाक्य चाळिशीत, घरी, बायकोसमोर पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. ती म्हणाली, "मग? ते तर मला माहीतच होतं." त्यानंतर कुठे गाणाऱ्याचा श्वास ऐकू यायला लागला. त्याआधी मी फक्त माझ्या पाळीची वाट बघत होतो.

तुला सोलो करायचाय? खुशाल कर. पण साथीला बसून चोरून सोलो करू नकोस. परवा द्रुतमध्ये दोनदा केलास, मला काय कळत नाही? येत नाही ते येत नाही म्हण रे एकदा. किती वेळा सांगायचं?

पत्रिकेतल्या नावाचं मात्र मी आयोजकांशी बोलणार आहे. ते भांडण वेगळं, आणि ते माझं.

तुझ्या पेटीचा मंद्र पंचम कणसूर बोलतोय, भाताही कुठेतरी हवा सोडतोय. गुरुवारी घेऊन ये, उघडून बघू. जेवायलाच ये.