आधी भाकर खा

बेटा, सलाम.

तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. "मावशी, मी डोळे मिटून गाते आणि आत काहीच होत नाही, मी ढोंगी झालेय का", आणि पुढे तो हसणारा इमोजी. तो बघूनच मला जास्त काळजी वाटली. फोनवर उत्तर टाइप करायला घेतलं तर लांबतच गेलं, म्हणून आता पत्रच लिहितेय. सावकाश वाच, ऑफिसच्या कॅबमध्ये नको.

दमलीयेस गं तू, दुसरं काही नाही. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी, शनिवारी कॉयर प्रॅक्टिस, रविवारी सकाळी संडे स्कूल मग उपासनेत गिटार मग तरुण संघाची मीटिंग, मधेच कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा तिथेही गाणी तूच घेणार, आणि मे महिना आला की व्हीबीएस, मुलांची सुट्टीतली बायबल शाळा. यात तू आणि देव असे दोघंच कधी बसता ते मला सांग. त्याचं काम करताना त्याच्याशीच बोलायला वेळ नाही असं होतं, आणि ते आपल्याला कळतही नाही, कारण दिवसभर तोंडात त्याचंच नाव असतं.

मला कसं कळलं ते सांगते. पंधराएक वर्षं झाली असतील, नाताळचे दिवस, संडे स्कूलचं नाटक माझ्याकडे, कॅरल राउंडच्या घरांची यादी माझ्याकडे, भगिनी मंडळाच्या करंज्या तर होत्याच. 24 तारखेच्या रात्री उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना मी करत होते. तोंडाने आजारी, विधवा, तुरुंगातले सगळे येत होते आणि डोक्यात हिशोब चाललेला की केकचे बॉक्स दीडशे आलेत की एकशेवीस. आमेन झाल्यावर एक काका आले, हात हातात घेतला, म्हणाले बाई आज फार आशीर्वाद मिळाला. घरी आले, बाथरूममध्ये नळ सोडला आणि रडले. नंतर आठवून बघितलं तर चार महिने मी बायबल उघडलं होतं ते फक्त मुलांचा धडा तयार करायला. लग्नघरात पंगती वाढणारी बाई बघ, वाढता वाढता तिची भूकच मरून जाते आणि लोक म्हणतात बघा किती राबते बिचारी, जेवणाचंही भान नाही. चर्चमध्ये यालाच आपण समर्पण म्हणतो, मला तर आता या शब्दाची भीतीच वाटते.

तुला कुणीतरी सांगितलंच असेल की जास्त प्रार्थना कर, उपास धर. मलाही सांगितलं होतं. उपाशी बाईला अजून दोन पंगती वाढायला लावण्यातला प्रकार आहे हा.

बायबलातल्या एलीया संदेष्ट्याचं बघ ना. 1 राजे 19 काढ, पण धडा घ्यायचाय म्हणून नको, गोष्ट म्हणून वाच. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेवर आकाशातून अग्नी उतरलाय, एवढा मोठा विजय, आणि ईजबेल राणीचा एक निरोप आला तर हा माणूस जीव घेऊन पळाला. चाकराला बैर-शेबात सोडलं, एकटाच रानात गेला, रतामाच्या झाडाखाली बसून म्हणाला देवा पुरे झालं, आता मला मरू दे. आणि देवाने काय केलं, तर झोपू दिलं. मग देवदूताने हात लावून उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाल्लं, परत झोपला, तरी दूत रागावला नाही, दुसऱ्यांदा उठवून म्हणाला ऊठ, खा, तुला लांब जायचंय. एक शब्द उपदेशाचा नाही. विश्वास कुठे गेला तुझा वगैरे काही नाही. आधी भाकर.

पुढे होरेब डोंगरावर देव त्याला विचारतो, इथे काय करतोस, आणि हा आपलं गाऱ्हाणं सांगतो की मी एकटाच उरलोय. वारा, भूकंप, अग्नी सगळं होऊन जातं, तो शांत हळू आवाज येतो, देव परत तोच प्रश्न विचारतो आणि हा परत तेच उत्तर देतो, शब्दाला शब्द! मला हे वाचून हसूच येतं, दमलेल्या माणसाची टेप अशीच अडकते. तेव्हा देव सांगतो की बआल दैवतापुढे गुडघे न टेकलेले 7000 आहेत, आणि अलीशा नावाचा जोडीदार देतो.

तू मागे म्हणाली होतीस, पंडिता रमाबाईंनी एवढं केलं आणि मी दोन वर्षात गळपटले. अगं रमाबाईंच्या हाताशी केडगावला मुलगी मनोरमा होती, मिशनरी मिनी अब्राम्स होत्या, कितीतरी बाया होत्या. फोटोत एकट्या दिसतात म्हणून एकट्या होत्या असं नाही.

तर आता करायचं काय. गिटार आणि संडे स्कूल, दोन्हीतलं एक सहा महिने सोड. पाळकसाहेबांना फोनवर नको, समोर बसून सांग आणि कारणं देत बसू नकोस. लोक बोलतील, ती मुलगी विश्वासात थंड पडली म्हणतील, माझ्याबद्दलही म्हणाले होते. मी संडे स्कूल सोडलं आणि शेवटच्या बाकावर बसायला लागले. शेजारी एक आजी असायच्या, त्यांना गाण्याचा नंबर दिसायचा नाही, तरी आपलं पुस्तक माझ्यापुढे धरून बोट ठेवायच्या, हमखास चुकीच्या गाण्यावर. मी त्यांच्याबरोबर चुकीच्याच ओळी म्हणत राहायचे. कितीतरी महिन्यांनी चर्चमध्ये मला हसू आलं ते तिथे.

प्रार्थना जमत नसेल तर स्तोत्र 88 वाच, मोठ्याने. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, बाकीच्या बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटाकडे आशेचा सूर लागतो तसा याला लागत नाही, तरी ते बायबलात आहे. तेवढं वाचून झोप. आणि हो, रात्री दोनपर्यंत जागणं जर महिनाभर चाललं असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरला दाखव, त्यात विश्वास कमी पडायचा काही संबंध नाही, शुगर वाढल्यावर मी गोळी घेतेच ना.

एक मात्र आधीच सांगते, विसावा ठरवून मिळेलच असं नाही. मार्क 6 मध्ये येशू शिष्यांना म्हणतो चला, एकांतात थोडा विसावा घ्या, कारण त्यांना जेवायलाही सवड नव्हती. होडीतून गेले तर किनाऱ्यावर लोक आधीच हजर, नुसते पुरुषच 5000. पण संध्याकाळी त्याने शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि एकटा डोंगरावर गेला. लोकांना निरोप देणं, हे मला अजूनही नीट जमत नाही.

शनिवारी नगरला ये, प्रॅक्टिस एक दिवस तुझ्याशिवाय होईल. पुण्याहून सकाळची एसटी पकड, दुपारी जेवायलाच ये, बाजरीची भाकरी आणि वांगं करते. दुपारभर झोपलीस तरी कोणी उठवणार नाही. गिटार घरीच ठेव.

तुझी मावशी