एकाच नावाचे दोन क्लास: सुरुवातीला एवढंच बघ

भाऊ, वेब सेवेच्या स्कीमावरून (डेटाची रचना सांगणारी एक्सएमएल फाईल) जावा कोड तयार करताना ‘ऑब्जेक्टफॅक्टरी’त (ऑब्जेक्ट बनवून देणारा क्लास) टक्कर असा एरर आला की घाबरू नको, आधी लाईन नंबर वाच. समजा नागपूरच्या कळमना बाजाराच्या आवकेची सेवा आहे. स्कीमात ‘आयटम’ दोनदा, एकदा मोठ्या आद्याक्षराने, एकदा लहान. जावात दोन्हींचा क्लास एकच होतो, म्हणून अडतं.

१. कोड तयार करायच्या कमांडमधला ‘पी’ (-p) पर्याय काढून बघ. तो सगळ्या नेमस्पेस (स्कीमातले नावांचे गट) एकाच पॅकेजात कोंबतो. बहुतेक भांडणं तिथलीच.

२. तरीही अडलं तर बाइंडिंग फाईलमध्ये (स्कीमावरून कोड कसा बनवायचा ते सांगणारी फाईल) एका टाईपला वेगळं क्लासनाव दे. सीएक्सएफ या जावा वेब सेवा लायब्ररीचं ‘ऑटोनेमरिझोल्यूशन’ (नावांची टक्कर आपोआप सोडवणारा पर्याय) झटपट चालतं, पण नावामागे आकडा चिकटवतं. स्कीमा बदलली की तो आकडाही बदलू शकतो, त्यामुळे चाचणीपुरतंच वापर.

तयार झालेल्या कोडला हात लावू नको बाप्पा! पुढच्या बिल्डला सगळं पुसलं जातं.